जॅझ, 'गुलामगिरी' आणि लक्ष्मी रोडचा बँड

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण गणपती तोंडावर आलेत, म्हणून आत्ताच लिहितोय.

परवा एका मित्राच्या आग्रहाखातर कोरेगाव पार्कातल्या एका ठिकाणी जॅझ ऐकायला गेलो होतो. प्रवेश बाराशे रुपये, पाण्याची बाटली वेगळी. वाजवणारी मुलं चांगली होती. सॅक्सोफोनवाला तर फारच सुरेल. मध्यंतरात शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ त्यांच्या पाहुण्यांना समजावत होते, "हे म्हणजे आपल्या बँडबाजासारखं नाही हां. जॅझ ऐकायला एक क्लास लागतो."

मी काही बोललो नाही. पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण एक तर ते इतिहासाच्या दृष्टीने साफ चूक आहे. आणि दुसरं, मला गेल्या विसर्जनाची पहाट आठवली.

अलका टॉकीज चौकाच्या जरा अलीकडे, फुटपाथवर एका बँडची माणसं टेकली होती. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावरच्या टोप्या मांडीवर. त्यातले एक साठीचे काका क्लॅरोनेट फडक्याने पुसत बसले होते. याच काकांनी थोड्या वेळापूर्वी एका जुन्या नाट्यपदाची अशी काही जागा घेतली होती की गर्दीतली म्हातारी माणसं "वा!" म्हणून गेली. मी जाऊन सांगितलं, "काका, फार सुंदर वाजवलंत." ते हसले. म्हणाले, "दात ठणकतात आता. दुपारपासून तोंडात आहे." मी त्यांना चहा पाजला. पाच मिनिटं गप्पा झाल्या. मग त्यांचा मास्तर ओरडला आणि ते उठून रांगेत गेले.

त्यांचं नाव मी विचारलं नाही.

जॅझचा आणि या गोष्टीचा काय संबंध, असं वाटत असेल तर पुढे वाचा. संबंध आहे. आणि तो पुण्यापासूनच सुरू होतो.

1873 साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' पुण्यात प्रसिद्ध झालं. ते अर्पण कुणाला केलंय, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांची गुलामी मोडायला स्वतःची पदरमोड केली, त्याग केला, त्यांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत हाच कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यांनी तिथे व्यक्त केली. पुण्यात बसलेला एक माणूस सातासमुद्रापलीकडे काय चाललंय ते बघत होता आणि त्यातून बळ घेत होता.

त्या वेळी तिकडे खरंच आशेचे दिवस होते. यादवी युद्ध संपलेलं, गुलामी कायद्याने गेलेली, काळे पुरुष मतदान करत होते. न्यू ऑर्लिन्स शहर ज्या राज्यात येतं त्या लुइझियानाचा हंगामी गव्हर्नर 1873 च्या जानेवारीपर्यंत पिंचबॅक नावाचा कृष्णवर्णीय माणूस होता. विचार करा, केवळ दहा वर्षांपूर्वी जिथे माणसांचा बाजार भरायचा, तिथे.

ही आशा फार टिकली नाही. 1877 मध्ये केंद्राने दक्षिणेकडच्या राज्यांतून आपलं सैन्य काढून घेतलं आणि जुने मालक पुन्हा सत्तेवर आले. 1890 मध्ये लुइझियानात कायदा झाला की रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यात जोतीराव गेले. 1892 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या होमर प्लेसी नावाच्या माणसाने मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसून स्वतःला अटक करवून घेतली. खटला सुप्रीम कोर्टात गेला. 1896 ला निकाल लागला: वेगळं ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे झालं. 'समान' कागदावर राहिलं, 'वेगळं' पुढची अर्धी शतकाहून जास्त वर्षं चाललं.

जॅझ जन्मलं ते नेमकं याच काळात, याच शहरात. हा योगायोग नाही.

न्यू ऑर्लिन्स हे अजब शहर. 1718 मध्ये फ्रेंचांनी वसवलं, मग स्पॅनिशांकडे गेलं, 1803 मध्ये अमेरिकेने विकत घेतलं. बंदर असल्यामुळे सगळ्या जगाची वर्दळ. तिथे रविवारी गुलामांना थोडी सुटी असायची आणि ते जमून नाचायचे, ढोल वाजवायचे. 1817 मध्ये शहराने फर्मान काढलं की जमायचं असेल तर एकाच ठिकाणी जमा. ती जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. अमेरिकेत बाकी बहुतेक ठिकाणी गुलामांच्या ढोलांवर बंदी होती, इथे आठवड्यातून एकदा का होईना ते वाजत राहिले. आफ्रिकेतला ठेका त्यामुळे जिवंत राहिला.

दुसरा धागा चर्चमधला आणि शेतातला. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलून उत्तर द्यायचं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. शाहीर पुढे आणि मागे झीलकरी, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. जॅझमध्ये ट्रम्पेटने एक वाक्य म्हणायचं आणि क्लॅरोनेटने त्याला जवाब द्यायचा, ते याच्याच जातकुळीतलं. याच मुळातून पुढे ब्लूज आलं. तिकडून पियानोवरचं रॅगटाइम आलं, ज्यात डावा हात कवायतीसारखा सरळ चालतो आणि उजवा हात मुद्दाम ठेका चुकवत राहतो.

आणि तिसरा धागा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: बँड. होय, तोच बँड. पितळी वाद्यांचा, गणवेश घालून रस्त्यावरून चालणारा.

यादवी युद्धानंतर पलटणींच्या बँडची फार चलती होती. काळ्या वस्त्यांत लोकांनी एकत्र येऊन मंडळं काढली होती. आपल्याकडच्या भिशीसारखी वर्गणी गोळा करायची. कुणी आजारी पडला तर औषधपाणी, कुणी गेला तर अंत्यविधी नीट व्हावा. कारण विमा कंपन्या आणि बँका काळ्यांना दारात उभं करत नव्हत्या. आणि 'नीट अंत्यविधी' म्हणजे बँडसकट. दफनभूमीकडे जाताना संथ, जड, धार्मिक गाणी. माणसाला मातीआड केलं की परतताना मात्र तीच माणसं, तीच वाद्यं, पण चाल एकदम नाचरी. मागून अख्खा मोहल्ला नाचत यायचा. बँडच्या मागच्या या गर्दीला तिथे 'सेकंड लाइन' म्हणतात. मिरवणुकीत बँडच्या मागे नाचणारी आपली जनता डोळ्यांसमोर आणा, वेगळं काही नाही.

आता गंमत बघा. शहरात एक मिश्रवंशीय समाज होता, क्रिओल. फ्रेंच बोलणारा, बऱ्यापैकी सुस्थितीतला, मुलांना व्हायोलिन-क्लॅरोनेट रीतसर शिकवणारा, नोटेशन वाचणारा. ते स्वतःला काळ्या कष्टकऱ्यांपेक्षा वरचे समजत. वेगळ्या वस्तीत राहत. 1890 नंतरच्या कायद्यांनी सांगितलं, तुमच्यात आफ्रिकन रक्ताचा अंश आहे ना? मग तुम्ही काळेच. त्यांची कामं गेली, रुबाब गेला. पोटासाठी त्यांना त्याच बँडमध्ये उभं राहावं लागलं जिथे कानाने वाजवणारे, नोटेशनचं अक्षर न वाचता येणारे काळे वादक होते. एकाकडे तालीम, दुसऱ्याकडे ठेका आणि धाडस. उतरंडीतल्या दोन पायऱ्यांना अन्यायाने एका पायरीवर आणलं आणि त्या घुसळणीतून जॅझ निघालं.

म्हणून अन्याय चांगला होता, असं कृपया कुणी म्हणू नका. ज्यांनी ते संगीत घडवलं त्यांनी त्याची किंमत मोजली. त्यातला पहिलाच माणूस घ्या.

बडी बोल्डन. जन्म 1877, म्हणजे सैन्य माघारी गेलं त्याच वर्षी. कॉर्नेट वाजवायचा, म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड. 1895 च्या आसपासपासून 1906 पर्यंत न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्तीत त्याच्या बँडचं राज्य होतं. त्याचा आवाज इतका मोठा की मैलोन् मैल ऐकू जायचा, अशा आख्यायिका आहेत. ठरलेली चाल सोडून मनातलं वाजवायचं, ब्लूजचा गाभा पितळी बँडमध्ये आणायचा, हे त्याने केलं असं त्याला ऐकलेले सगळे वादक पुढे सांगत राहिले. 1907 मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथे तो चोवीस वर्षं होता. 1931 ला तिथेच गेला. गरिबांच्या दफनभूमीत पुरला. त्याची नेमकी कबर कुठली, ते आज सांगता येत नाही.

त्याची एकही रेकॉर्ड उपलब्ध नाही. एकही नाही. आपल्याकडे 1902 मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं. रेकॉर्डच्या शेवटी ती ठसक्यात, इंग्रजीत, स्वतःचं नाव सांगते. जर्मनीतल्या कारखान्यात तबकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ती पद्धत होती. पण त्यामुळे सव्वाशे वर्षांनीही ते नाव आपल्या कानात आहे. त्याच 1902 मध्ये बोल्डन ऐन भरात होता. त्याच्यासमोर कुणी भोंगा धरला नाही.

मग जॅझची पहिली रेकॉर्ड कुणाची? 26 फेब्रुवारी 1917, न्यूयॉर्क. वाजवणारे पाच गोरे. ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड, तेव्हा स्पेलिंगही पक्कं नव्हतं. रेकॉर्ड तुफान खपली. प्रामाणिकपणे सांगायचं तर तीही न्यू ऑर्लिन्सचीच गरीब घरातली मुलं होती, त्याच रस्त्यांवर ऐकून शिकलेली. त्यांचा म्होरक्या निक लारोका सिसिलीहून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा. ऐकून शिकण्यात काही गैर नाही, संगीत असंच पसरतं. पण पुढे या लारोकाने आयुष्यभर दावा केला की जॅझ आम्हीच शोधलं, काळ्यांचा त्यात काही वाटा नाही. बँडच्या नावातच 'ओरिजिनल'! आमची कुठेही शाखा नाही, ही पाटी बहुतेक त्यांनीच आधी लावली असावी.

1917 मध्येच नौदलाच्या दबावाने न्यू ऑर्लिन्सची बदनाम वस्ती बंद झाली, जिथल्या नाचघरांत अनेक वादकांना काम मिळायचं. पण जॅझ शहराबाहेर पडलं ते केवळ त्यामुळे नाही. दक्षिणेतल्या छळाला आणि उपासमारीला कंटाळून लाखो काळी माणसं उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघाली होती. संगीत त्यांच्या बोचक्यातून गेलं. 1922 मध्ये किंग ऑलिव्हरच्या बोलावण्यावरून एक एकवीस वर्षांचा पोरगा शिकागोला पोचला. लुई आर्मस्ट्राँग. हाही बँडचाच. लहानपणी नववर्षाच्या रात्री रस्त्यावर पिस्तूल उडवलं म्हणून त्याला काळ्या मुलांच्या सुधारगृहात पाठवलं होतं, तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट शिकला. 1923 मध्ये ऑलिव्हरच्या बँडच्या रेकॉर्ड्स निघाल्या, त्यात पियानोवर लिल हार्डिन ही तरुणी होती. 1925 पासून आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या 'हॉट फाइव्ह'च्या. तोपर्यंत न्यू ऑर्लिन्सची पद्धत सगळ्यांनी मिळून एकाच वेळी वाजवण्याची होती: कॉर्नेट चाल धरणार, क्लॅरोनेट वरून वेलबुट्टी काढणार, ट्रॉम्बोन खालून सरकत साथ देणार. आर्मस्ट्राँगने एका वादकाला मध्यभागी आणून उभं केलं आणि जॅझ कायमचं बदललं.

बोल्डनपासून आर्मस्ट्राँगपर्यंत जेमतेम तीस वर्षं. बॉलरूमचे कोट, वाइनचे ग्लास आणि 'क्लास' हे सगळं नंतरचं.

आता आपल्याकडे या.

1935 मध्ये लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच सुमाराला क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादकही मुंबईत आला, ज्याने 1913-14 च्या सुमाराला, म्हणजे जॅझ नाव रूढ व्हायच्याही आधी, न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड्सवर वाजवलं होतं. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, जो पुढे 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. म्हणजे मूळ झऱ्याचं पाणी थेट अपोलो बंदरावर आलं होतं. ते प्यायला सर्वात आधी पुढे आले गोव्याचे वादक. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य. चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. पण गावात पोट भरेना, म्हणून मुंबई, पुण्याचा कॅम्प, जिथे क्लब आणि पलटणी असतील तिथे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ असाच आला आणि 'चिक चॉकलेट' झाला. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला.

स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, पाठोपाठ मुंबई राज्यात दारूबंदी आली. नाचघरं ओस पडली. हे वादक गेले कुठे? फिल्म स्टुडिओत. आणि इथे आपला मराठी माणूस गोष्टीत येतो: पुणतांब्याचा, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला रामचंद्र चितळकर. सी. रामचंद्र. अण्णांनी शास्त्रीय बैठक न सोडता हा नाचरा पितळी आवाज हिंदी सिनेमात आणला. 1951 चा 'अलबेला' आठवा. पडद्यावर आपला दादरच्या चाळीतला भगवानदादा आणि गीता बाली, पाठीमागे वाजतोय चिक चॉकलेट. त्या सिनेमात तो आणि त्याचे वादक झालरीच्या कपड्यांत पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या स्टेपवर आजही लग्नात काका लोक नाचतात. म्हणजे महाराष्ट्रातला प्रत्येक वऱ्हाडी नकळत न्यू ऑर्लिन्सच्या ठेक्यावर नाचलेला आहे आणि ते त्याच्यापर्यंत बँडवाल्यांनीच पोचवलंय. क्लास लागला नाही.

पण या गोवेकर वादकांची नावं किती जणांना माहीत? चाली संगीतकाराच्या, पण त्या कागदावर उतरवून चाळीस-पन्नास वादकांत वाटून द्यायचं काम करणारे फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं पडद्यावर आली तरी 'सहाय्यक' म्हणून, बऱ्याचदा तीही नाहीत. 2012 मध्ये नरेश फर्नांडिसांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आलं, त्याआधी ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने स्टुडिओतल्या वादकांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे माणसं उजेडात यायला लागली.

याला एक सुंदर अपवाद आहे. अँथनी गोन्साल्विस. हे नाव वाचताच तुमच्या डोळ्यांसमोर अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आला. पण अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता. माजोर्ड्याचा, व्हायोलिनचा शिक्षक. प्यारेलाल त्याचे शिष्य. 1977 मध्ये त्या गाण्यातून शिष्याने गुरूचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी घातलं. नाव घेतल्याने काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

परत लक्ष्मी रोडवर येऊ.

आपल्या मिरवणुकीत वाजवणारा माणूस कोण असतो? हलगी, डफ, सनई, वाजंत्री, हे सगळं आपल्याकडे जातीने वाटून दिलेलं काम होतं. मंगल कार्याला त्यांच्याशिवाय चालत नव्हतं आणि मंगल कार्यात त्यांना पंगतीत जागा नव्हती. त्यांच्या सुराने देव हलायचा, पण ते स्वतः देवळाच्या पायरीखाली. न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या पार्टीत वाजवणारा काळा वादक मागच्या दाराने आत यायचा, त्याचीच ही बहीण. जोतीरावांनी दीडशे वर्षांपूर्वी जे साम्य पाहिलं ते आपण अजून नीट पाहायला तयार नाही. आज कायदा बदललाय, थोडीफार माणसंही बदललीत. पण बँडवाला अजूनही मंडपाच्या मागे, जनरेटरशेजारी बसून जेवतो. खोटं वाटत असेल तर पुढच्या लग्नात मागे जाऊन बघा.

काही जण म्हणतील, तुलनाच चुकीची आहे. बँड फिल्मी गाणी वाजवतो, त्यात नवनिर्मिती कुठे? अर्धा मुद्दा मान्य. आपल्या बँडमधून बोल्डन निघाला नाही, हे खरंय. पण न्यू ऑर्लिन्सचे बँडही भजनं, कवायतीच्या चाली आणि तेव्हाची लोकप्रिय गाणीच वाजवत होते. फरक असा की त्यांच्या मागे त्यांच्याच समाजाची मंडळं होती, वर्षभर त्यांना वाजवायला आणि ऐकायला बोलावणारी. तिथे प्रयोग करायची मुभा होती. आपला बँडवाला लग्नसराई आणि उत्सवापुरता वादक, बाकी वर्षभर मिळेल ते काम. त्याला 'काका, आज तुमच्या मनातलं वाजवा' असं कोण म्हणालंय? त्याच्याकडून आपण लेटेस्ट गाणं मागतो आणि मग म्हणतो की तो लेटेस्ट गाणीच वाजवतो.

दुसरे म्हणतील, जॅझ म्हणजे आपल्या ख्यालासारखंच, उपज आणि विस्तार. सवाईच्या मंडपात हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. साम्य आहेच. पण या तुलनेत एक सोय आहे. ख्यालाशी जोडलं की जॅझ लगेच आपल्या बैठकीत येऊन बसतं, सोवळं होतं. हलगीशी आणि बँडशी जोडलं की आपल्याला अवघड जातं. मूळ मात्र रस्त्यावरचंच आहे.

आणि ढोल-ताशा पथकवाल्यांनी रागावू नये. आयटीतली पोरंपोरी तीन-तीन महिने नदीकाठी सराव करतात, मला त्याचं कौतुकच आहे. डीजेच्या भिंतींपेक्षा हजारपट बरं. फक्त ताशाची तर्री तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवली, त्या माणसाचं नाव पथकाच्या पेजवर आहे का, तेवढं एकदा बघा. नसेल तर आपण सगळे थोडेथोडे लारोका आहोत.

मला काय हवंय ते अगदी थोडक्यात सांगतो, कारण नुसतं हळहळून उपयोग नाही.

एक. मंडळाचा अहवाल छापताना त्यात बँडच्या सगळ्या वादकांची नावं छापा. वाद्यासकट. अर्धं पान लागेल. शुभेच्छुकांच्या जाहिरातींना आपण वीस पानं देतो.

दोन. मांडवाच्या फ्लेक्सवर कार्याध्यक्षापासून भावी नगरसेवकापर्यंत तीस चेहरे असतात. त्यात एक फोटो बँडमास्तरचा लावा. त्यांना विचारून.

तीन. मिरवणुकीच्या दिवशी वादकांना बसायला जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि ठरलेले पैसे वेळेवर. ही कलेची सेवा वगैरे काही नाही, साधी माणुसकी आहे.

चार. रील टाकणाऱ्यांनो, कॅप्शनमध्ये बँडचं नाव लिहा.

पाच. विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी पेठांतल्या जुन्या बँडवाल्यांना बसवून त्यांच्या आठवणी आणि वादन रेकॉर्ड करावं. आज खिशातला फोन 1902 च्या भोंग्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. बोल्डनसमोर कुणी यंत्र धरलं नाही, तेव्हा यंत्र दुर्मीळ होतं. आपल्याकडे ती सबब नाही.

ते क्लॅरोनेटवाले काका यंदा येतील की नाही, माहीत नाही. वय झालंय, दात ठणकत होते. आले तर चहा पाजायच्या आधी नाव विचारणार आहे.

तुमच्या मंडळाचा, तुमच्या लग्नातला बँड आठवत असेल तर त्याचं नाव खाली लिहा. आणि वाजवणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आठवतंय का, तेही प्रामाणिकपणे सांगा. 'नाही' असं उत्तर असलं तरी लिहा. माझंही आत्तापर्यंत तेच आहे.